साखरबाईची व्हॅन

६ जानेवारी, सोमवार. सकाळी.

नव्या वर्षाची पहिली नोंद. उशीर माझ्यामुळे नाही. अविराजने पुण्याहून त्याच्या कंपनीची डायरी पाठवली होती, प्रत्येक पानावर इंग्रजी सुविचार. मला रोज सकाळी कोणी उपदेश केलेला चालत नाही. ती बाजूला ठेवली, वाण्याकडून साधी वही आणली.

संकल्प एकच. निवृत्त माणसे देवळाच्या पायरीवर बसतात. मी बसणार नाही. या वर्षी एक सामाजिक काम हाती घ्यायचे आणि तडीस न्यायचे.

काम ठरले आहे. माझी धाकटी जाऊ साखरबाई शेजारीच राहते, भिंतीला भिंत. तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. दर बुधवारी आणि शनिवारी बारामतीला डायलिसिस. उपचार योजनेतून फुकट होतो, पण भवानीनगरहून जायचे कसे आणि यायचे कसे? जाताना वडाप जीपमध्ये दाटीवाटीने, येताना एसटीने, पुष्कळदा उभ्याने. मुलगा सिद्धू उसाच्या ट्रॅक्टरवर. सीझन संपेपर्यंत तो कारखान्याच्या रांगेत असतो नाहीतर फडात. परवा साखरबाई स्टँडवर चक्कर येऊन बसली. घरी आल्यावर म्हणाली, "आक्का, ह्ये जायाचंच सोडून देनार हाय मी. मशिनीवर कुनी मरत न्हाय. फाट्यावर उभं ऱ्हाऊन मरत्यात."

मी तिला तिथल्या तिथे गप्प केले. असले बोलणे माझ्यासमोर चालणार नाही. आसपासच्या वाड्यांवर तिच्यासारखे आणखी पेशंट आहेत. सगळ्यांसाठी मिळून एक व्हॅन घ्यायची, लोकवर्गणीतून. ठरले.

संध्याकाळी.

अविराजचा फोन. व्हॅनची कल्पना आवडली म्हणाला. मग म्हणाला, "पण आई, तोवर आपली गाडी आहे की. काकीला तू ने."

गाडीचा विषय इथे एकदाच लिहून टाकते, म्हणजे पुन्हा नको. गाडी त्याने मला घेऊन दिली, पोर्चमध्ये कव्हर घालून आहे. मला ती उत्तम चालवता येते. क्लास केला, लायसन्स आहे. गेटला खरचटले त्यात खांबाची चूक होती, तो बांधला आहेच चुकीच्या जागी. पण आता उसाचा सीझन. रस्त्यावर दोन-दोन ट्रेलरचे ट्रॅक्टर, कोणाला साइड द्यायची माहीत नाही. शिवाय तत्त्वाचा प्रश्न आहे. एकीला गाडीतून नेले की तो उपकार. व्हॅन घेतली की ती व्यवस्था. मी आयुष्यभर व्यवस्थेच्या बाजूने उभी राहिले.

८ जानेवारी, बुधवार.

बँकेच्या कामासाठी बारामतीला. एसटीने. (गाडी नेली असती, पण बारामतीत पार्किंगला शिस्त नाही.) येताना स्टँडवर साखरबाई दिसली. डायलिसिस करून आलेली, बाकावर पिशवी उशाला घेऊन आडवी. गर्दीमुळे दोन गाड्या सोडल्या म्हणाली. तिसरीला मी लोकांना रांग लावायला लावली, तिला चढवले, खिडकी दिली. ती म्हणाली, "तुमी आपल्या गाडीनं आला असता तर मागच्या शिटावर पाय पसरून आले असते, आक्का." मी तिला उपकार आणि व्यवस्था यांतला फरक समजावून सांगितला. ऐकता ऐकता झोपी गेली. अशक्तपणा.

त्याच प्रवासात कल्पना सुचली. चौकात वरातीची एक जीप उभी होती. उघडी, पुढे फायबरचा मोर, अंगभर लायटिंग. भोवती पोरे, बाया, म्हातारे. जी माणसे ग्रामसभेला पाच मिनिटे थांबत नाहीत ती त्या मोराकडे टक लावून उभी! मनात म्हटले, लोकांना गाड्याच बघायच्या आहेत ना, मग बघा. तिकीट काढून बघा.

नाव: "आगळीवेगळी वाहने. सहकुटुंब मेळावा." मुलांना फेरी मारायला मिळेल, बायकांना बसायला सावली, तंबाखूला बंदी. जमेल त्यातून व्हॅन.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत.

हळदीकुंकवाला आलेल्या बायकांसमोर योजना मांडली. कमिटी स्थापन झाली. अध्यक्ष, सचिव, खजिनदार: मी. सभासद: बाकीच्या. त्या तिळगूळ घेऊन गेल्या.

तारीख १६ फेब्रुवारी, रविवार. जागा बाजारतळ. कोणीतरी म्हणाले, त्या आठवड्यात लग्नाच्या तिथी दाट आहेत. मी स्पष्ट सांगितले, या घरात पंचांग आणलेले नाही आणि आणणार नाही. सामाजिक कामाला मुहूर्त लागत नाही.

१९ जानेवारी, रविवार.

वडगाव निंबाळकरला जाऊन आले. मोराच्या जीपवाला सापडला, आणि कोण निघावा? गेणबा! माझ्या हाताखाली सातवी केली, दोनदा केली. मला बघताच हातातली विडी चपलेखाली. अजून धाक आहे. मी विषय सांगितला. तो म्हणाला, "बाई, तुमास्नी न्हाय कसं म्हनू? त्या टायमाला वराती हाईत, पर बघू की."

होकार.

वाटेत दत्तोबा तात्यांकडे. त्यांच्याकडे डिझेलवर चालणारी जुनी बुलेट आहे, आवाज थ्रेशरसारखा. तात्या म्हणाले, "तब्येत बघून येतो." मी म्हटले, तात्या, तुम्ही ठणठणीत दिसता. म्हणाले, "माजी न्हाय वं. तिची."

होकार.

इंदापूरच्या बाजूला एकाने टेंपोवर पिठाची गिरणी बसवली आहे, दारोदार दळण दळून देतो. त्याला फोन. "येतो की, कशापायी काळजी करता." ऊसतोडणीच्या मशीनवाल्याला फोन. "फडातनं निगालं तर आनतो." घराएवढे मशीन, मुले वेडी होतील. शिवाय फिरत्या रसवंतीवाला.

पाच वाहने, एका दिवसात. शाळेत असताना एका सहलीची बस ठरवायला मुख्याध्यापक सरांना महिना लागायचा.

२५ जानेवारी, शनिवार.

साखरबाई आज डायलिसिसला गेली नाही. वडापवाल्याने जागा नाही म्हणून हायवेवरच सोडले, परत चालत आली. मी तिला व्हॅनचे चित्र काढून दाखवले. तिला आडवे होता येईल असे मागचे सीट, पंखा, पाण्याची सोय. ती चित्राकडे बघून म्हणाली, "लई झ्याक हाय आक्का. कवा येनार?"

सीझन संपायच्या आत, मी म्हटले.

ती म्हणाली, "कुनाचा?"

तिला अशी चेष्टा करायची सवयच आहे.

३० जानेवारी, गुरुवार.

फ्लेक्स लागला. फाट्यावर, मोठा. मी बजावून सांगितले होते की माझा फोटो नको. प्रमुख लाभार्थी म्हणून साखरबाईचा टाका. फ्लेक्सवाल्याने टाकला. मधोमध, गोल चौकटीत, भोवती झेंडूची फुले, खाली दोन समया. मजकूर बारीक, कारण फोटो मोठा.

दुपारी उदमाईवाडीच्या दोन बायका रडत साखरबाईच्या दारात. त्यांच्यामागे एक म्हातारे, डोक्यावरची टोपी काढलेली. साखरबाई ओट्यावर मेथी निवडत होती. तिने त्यांना बसा म्हटले. "च्या ठेवते. मी अजून हितंच हाय. आलाच हाय तर दोन जुड्या निवडू लागा."

संध्याकाळपर्यंत आणखी माणसे आली. एकाने तर सिद्धूला कारखान्याच्या रांगेत फोन करून दहाव्याचे विचारले. सिद्धू माझ्याकडे आला तेव्हा चेहरा लाल. म्हणाला, "काकी, बोर्ड काडा." मी त्याला शांतपणे सांगितले की चूक फ्लेक्सची नाही, लोकांना मजकूर वाचायची सवय राहिलेली नाही. आणि प्रसिद्धी तर झालीच.

समया खडूने झाकता येतात का ते बघणे. (येत नाहीत.)

३ फेब्रुवारी, सोमवार.

प्रमुख पाहुणे मिळाले. इंद्रजितराव, प्लॉटिंगच्या धंद्यातले. मोठे नाव, मोठा आवाज. त्यांना रविवार जमत नाही. शनिवारी १५ तारखेला येतो म्हणाले. व्हॅनसाठी ते स्वतः भरीव काहीतरी करतील असे त्यांच्या माणसाने सूचित केले. कार्यक्रम शनिवारी घेतला.

शनिवार हा साखरबाईचा डायलिसिसचा वार. पण उद्घाटन लाभार्थीच्याच हस्ते हवे, पाहुण्यांची तशी इच्छा आहे. फोटो चांगला येतो. एक पाळी दोन दिवस पुढे ढकलली तर काय होते? हॉस्पिटलमध्ये फोन केला. सिस्टर म्हणाल्या, पाळी चुकवू नका, आधीच मागची एक चुकली आहे. नियम सांगणे त्यांचे कामच आहे. सोमवारी जागा असेल तर बघू म्हणाल्या.

म्हणजे सोमवारी होईल.

साखरबाईला सांगितले. मला वाटले वाद घालेल. ती उलट हसली. "येक शनवार फाट्यावर न्हाय जायचं? मग बोलवा की तुमच्या पावन्याला." पाहा, विश्वास असला की माणूस कसे सहकार्य करतो.

सिद्धूला सांगितले नाही. रांगेत आहे, त्याला त्रास नको.

९ फेब्रुवारी, रविवार.

तिकिटे छापली. बाजारतळ झाडून घेतला. आखणी केली: मधे मोर, डावीकडे बुलेट, उजवीकडे गिरणी, मागे तोडणी मशीन. फक्की टाकून चौकोन आखले. शाळेच्या क्रीडादिनाची आठवण झाली. तेव्हाही मी आखलेल्या रेषेबाहेर कोणी पाऊल टाकले नव्हते.

अविराजचा फोन. काकीला कोण नेते विचारले. मी कामात आहे म्हटले. पुन्हा गाडीचे काढले. टायरमध्ये हवा बघावी लागेल, म्हटले. त्याने फोन ठेवला. हल्ली तो फोन मधेच ठेवतो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार.

सगळ्यांना आठवणीचे फोन.

दत्तोबा तात्या: "तिची तब्येत न्हाय." वाईट वाटले, पण चार आहेत.

तोडणी मशीन: फडातून निघत नाही. तीन आहेत. तीनच बरी, मुलांकडे लक्ष ठेवता येते.

गिरणीवाला: "मॅडम, त्या दिशी पाच लग्नांचं दळन हाय माज्याकडं." बेसन दळतोय म्हणे. मी त्याला विचारले, लग्न मोठे की माणसाचा जीव? तो म्हणाला, "लग्नाची तारीख हाय, मॅडम." फोन ठेवला. दोन. पण मोर आहे. मोर म्हणजेच मेळावा.

गेणबा: "बघू की बाई." अढळ माणूस.

१५ फेब्रुवारी, शनिवार.

सकाळी सात. आकाश स्वच्छ. साखरबाईला जांभळे नऊवार नेसायला सांगितले. पाय सुजलेले, चपला जात नव्हत्या. माझ्या मोठ्या चपला दिल्या.

दहा. रसवंतीचा टेंपो आला. त्याला वाटले जत्रा आहे. बाकी चौकोन रिकामे. फक्की छान दिसते.

अकरा. सगळ्या बाजूंनी वाजंत्री ऐकू येत आहे. एकाच वेळी तीन लग्नांच्या वराती रस्त्याने गेल्या. लोक तिकडे. आपल्याकडे रसाला रांग आहे. रसवंतीवाल्याला तिकीट ठेवा म्हटले तर म्हणाला, मी रस विकतो, तिकीट नाही.

साडेबारा. मोर आला! गेणबाने शब्द पाळला. फक्त आत नवरदेव बसलेला. एका वरातीतून दुसऱ्या वरातीला जाता जाता दहा मिनिटे वळवली म्हणाला, "बाई, तुमास्नी न्हाय म्हनता येईना." नवरदेव घाबरला होता, त्याची आई त्याला फोनवर ओरडत होती. चौकोनात मोर उभा राहिला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या वाजंत्र्यांनी हाक मारली, मोर गेला.

इंद्रजितराव दीड वाजता. सोबत तीन पांढऱ्या मोठ्या गाड्या. पोरांनी त्याच गाड्यांभोवती गर्दी केली, फोटो काढले. प्रेक्षणीय वाहने मिळाली म्हणायची. शाल, श्रीफळ, फेटा. मग त्यांच्यासोबतच्यांचे फेटे. मग त्यांच्या ड्रायव्हरचा, कारण फेटा एक उरला होता. साखरबाई तोवर उन्हात खुर्चीवर.

त्यांनी भाषणात व्हॅनविषयी स्वतः लक्ष घालीन असे जाहीर केले. लाभार्थीला रस पाजतानाचा फोटो हवा, अशी फोटोग्राफरची सूचना. डॉक्टरांनी तिला रस आणि पाणी बेताचे सांगितले आहे हे मला माहीत आहे, पण एका पेल्याने काय होते? साखरबाई माझ्याकडे बघत होती. मी म्हटले, पाहुण्यांचा मान राख. फोटो तीनदा काढावा लागला, पहिल्या दोन वेळा पाहुण्यांचे डोळे मिटले होते. पेला तिन्ही वेळा भरला.

संध्याकाळी. एकंदरीत यशस्वी. पेटी उघडली, त्यात लिहिण्यासारखे काही नाही. पहिल्याच वर्षी पैसे हा निकष नसतो.

१६ फेब्रुवारी, रविवार.

दुपारी छकुली धावत आली. सिद्धूची मुलगी. "मोठी आज्जी, आजीला श्वास येईना."

साखरबाई भिंतीला टेकून बसलेली, आडवे होता येईना, ओठ निळे. सिद्धू रांगेत, फोन लागेना. अँब्युलन्सला फोन केला, निघते म्हणाले. थांबणे शक्य नव्हते. मी गाडीचे कव्हर ओढून काढले. चावी फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. नुसता टक् आवाज. बॅटरी उतरलेली. गाडी महिनोन् महिने उभी ठेवली की बॅटरी उतरते, हे अविराजने मला सांगायला हवे होते.

फाट्यावर जाऊन हात आडवा करून उभी राहिले. मोर आला. गेणबा आदल्या दिवसाची लग्ने आटोपून घरी चालला होता. काही न विचारता वळवला.

साखरबाईला नवरदेवाच्या गादीवर बसवले. मी मागून धरले. लायटिंग बंद होईना, बटण अडकले होते. जीपच्या स्पीकरवरची वाजंत्रीही बंद होईना. तसेच निघालो. वाटेतल्या वस्त्यांवर पोरे बाहेर पळत आली आणि मोरापुढे नाचू लागली. एका म्हातारीने लांबून कानशिलावर बोटे मोडली. गेणबा ओरडत होता, "बाजूला व्हा रं!" पण वाजंत्रीत ऐकू जाईना. लोकांना वाटले, घाई लग्नाची.

साखरबाईने डोळे उघडले, मोर बघितला. दोन श्वासांच्या मधे म्हणाली, "आक्का, नवरा कुठं हाय?"

मी गप्प बस म्हटले.

१८ फेब्रुवारी, मंगळवार.

अतिदक्षता विभागात आहे. धोका टळला म्हणतात. डॉक्टर माझ्याशी बोलले. पाळी का चुकवली, रस कोणी दिला. बराच वेळ बोलले. तरुण आहेत, जिल्ह्याबाहेरचे, इथल्या सामाजिक कामाची पद्धत त्यांना माहीत नाही.

सिद्धू बाकावर बसून होता. मी शेजारी बसले तसा उठून दुसऱ्या बाकावर गेला. थकला असेल.

१९ फेब्रुवारी, बुधवार.

मेकॅनिकला बोलावून नवीन बॅटरी बसवली. एरवीही बसवायचीच होती.

मेळाव्याचे फोटो आले. इंद्रजितरावांचे डोळे तिसऱ्यातही मिटलेलेच आहेत. त्यांना व्हॅनबद्दल फोन केला. त्यांचा माणूस म्हणाला, "साहेब बघू म्हणालेत."

त्यावर काही लिहीत नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार.

साखरबाईला घरी आणले. सिद्धूने आणले, कोणाची तरी गाडी मागून. माझी दारातच होती. त्याने विचारले नाही, मी त्याच्या विचारण्याची वाट पाहिली.

२२ फेब्रुवारी, शनिवार.

ती डायलिसिसला गेली नाही.

सिद्धू सकाळी आला, उंबऱ्यातच उभा राहिला. ट्रॅक्टर रांगेतून काढून आला होता, नंबर गेला. म्हणाला, "काकी, आई न्हाय म्हनती. आता जानारच न्हाय म्हनती. पुरं झालं म्हनती. मी रडलो, पाया पडलो. तुमी सांगा. तुमचं ऐकती ती."

बरोबर आहे, माझे ऐकते. मी जाऊन तिला स्पष्ट शब्दांत सांगितले. डायलिसिस सोडले तर काय होते, किती वेळात होते, सगळे. ती उशीला टेकून ऐकत होती. मग म्हणाली, "डाक्टरनं सांगितलंय आक्का. तुमी उगं घसा कोरडा करू नका."

मी म्हटले, व्हॅन येतेच आहे. मार्चमध्ये दुसरा मेळावा घेऊ, या वेळी पंचांग बघून.

तिने माझ्याकडे बघितले. रागाने नाही. राग असता तर मला काही बोलता आले असते.

२४ फेब्रुवारी, सोमवार.

गाडी गेटच्या बाहेर काढली. आत घेतली. पुन्हा काढली. बुधवारी स्वतः नेणार. हा उपकार नव्हे, तात्पुरती व्यवस्था आहे.

शेजारून आवाज ऐकू येतात. आज ती छकुलीला ओरडत होती. आवाज बारीक झाला आहे. पण आहे. बुधवारपर्यंत काही होत नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार.

हॉस्पिटलमध्ये फोन करून उद्याची जागा पक्की केली. सिस्टर म्हणाल्या, आणा, कधीही आणा. मागच्या सीटवर गादी अंथरली, उशी ठेवली. फाट्यापर्यंत एकटी जाऊन आले. ट्रॅक्टर आले, मी साइड दिली. अवघड काही नाही.



२६ फेब्रुवारी, बुधवार. महाशिवरात्र.

सकाळी गाडी तिच्या दारात नेऊन उभी केली. डाव्या बाजूचा आरसा त्यांच्या खांबाला लागून मोडला. हॉर्न वाजवला. छकुली आली, सिद्धू आला. त्याने मागचे दार उघडले, गादी बघितली आणि तोंड फिरवले.

साखरबाई ओट्यावर उन्हात बसली होती, पायांवर गोधडी. चेहरा फुगलेला. मी म्हटले, चल. ती गाडीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बया, आक्का, तुमी चालवत आला?" तिला खरेच कौतुक वाटले होते. डोळ्यांत पाणी आले तिच्या. मी म्हटले, चल, जागा पक्की केली आहे.

म्हणाली, "न्हाय वं. आता न्हाय उठवत. हितंच बरं हाय, उनात."

मी रागावले. मोठ्याने रागावले, शाळेत रागवायचे तशी. ओळखीची माणसे थांबून बघू लागली. मी तिचा हात धरला. ती म्हणाली, "सोडा आक्का, दुखतंय." सोडला.

मग तीच म्हणाली, मला बरे वाटावे म्हणून म्हणाली असावी, "गाडी काडलीच हाय तर बारामतीला जावा की. उपासाची केळी आना. मला डाक्टर खाऊ द्येत न्हवता. पिवळीधमक बघून आना. आता चालत्यात."

मी गेले. एकटी, मागे रिकामी गादी. ट्रॅक्टर आले, वडाप जीप आल्या, एका मागून एक. बारामतीत गाडी हॉस्पिटलसमोरच उभी करावी लागली, दुसरीकडे जागा नव्हती. सिस्टर दारात होत्या. त्यांनी गाडीत डोकावून बघितले. मी केळी घ्यायला आले आहे म्हटले.

ओट्यावर तिच्याशेजारी बसले. मी सोलून देत गेले, ती खात गेली. छकुलीलाही दिले. मी किती खाशील म्हणून एकदाही बोलले नाही.

गोड होती म्हणाली.